रुग्णवाहिकेच्या आधी येणारी मुलं

मुलगा किंवा मुलगी शिकायला अमेरिकेत गेली की घरी कधीतरी असा फोन येतो: "आई, रूममेट रात्री चक्कर येऊन पडली. कॉल केला, तर पाच मिनिटांत आमच्याच कॉलेजची तिघं आली. एक तर माझ्या केमिस्ट्रीच्या वर्गातला होता. ऑक्सिजन, बीपी, सगळं त्यांनीच बघितलं."

आईचा पहिला प्रश्न साहजिक असतो. "म्हणजे डॉक्टर नाही आले? पोरं आली?"

हो, पोरंच आली, आणि ती आली हे बरं झालं. अमेरिका आणि कॅनडातल्या अडीचशेहून जास्त कॉलेज-विद्यापीठांच्या आवारात विद्यार्थ्यांनी चालवलेली तातडीची वैद्यकीय पथकं आहेत. बहुतेक ठिकाणी ही मुलं बिनपगारी काम करतात. रात्रभर रेडिओ उशाशी ठेवून झोपतात आणि सकाळी तासाला बसतात. आपल्याला हे विचित्र वाटतं, कारण आपल्या डोक्यात "आजारी माणूस" आणि "डॉक्टर" यांच्यामध्ये दुसरं कोणी नसतं. ही मुलं नेमकी त्या मधल्या जागेत उभी असतात.

दूध उतू जाताना

दूध उतू जायला लागलं की घरात सगळ्यात चांगला स्वयंपाक कोणाला येतो, हे कोणी विचारत नाही. ओट्याजवळ जो असेल तो गॅस बंद करतो. त्याला बासुंदी करता यायची गरज नाही. गॅसचं बटण कुठे आहे आणि ते कुठल्या बाजूला फिरवायचं, एवढं कळलं की पुरे.

शरीराचे काही बिघाड अगदी असेच असतात. हृदय अचानक बंद पडलं तर छाती दाबणं आणि विजेचा झटका, दोन्हींपैकी काहीच मिळालं नाही तर जगण्याची शक्यता दर मिनिटाला साधारण 7 ते 10 टक्क्यांनी घसरते. मेंदूला चार-सहा मिनिटं ऑक्सिजन मिळाला नाही की कायमची इजा सुरू होऊ शकते. शेंगदाण्याची तीव्र ॲलर्जी असलेल्या मुलाचा घसा सुजायला लागला की श्वास बंद व्हायला फार वेळ लागत नाही. मांडीची मोठी रक्तवाहिनी कापली गेली तरी तेच. अशा वेळी पंधराव्या मिनिटाला पोचणाऱ्या निष्णात तज्ज्ञापेक्षा तिसऱ्या मिनिटाला पोचणारा, चार गोष्टी पक्क्या येणारा माणूस जास्त कामाचा.

विद्यापीठाच्या आवारात तिसऱ्या मिनिटाला कोण पोचणार? जो तिथेच राहतो तो.

शहराची रुग्णवाहिका बाहेरून येते. कुठल्या वसतिगृहाला मागून दार आहे, कुठली लिफ्ट रात्री बंद असते, मुलं ज्या इमारतीला टोपणनावानेच ओळखतात तिचं खरं नाव काय, हे तिच्या चालकाला माहीत नसतं. तिथे दोन वर्षं राहिलेल्या मुलीला ते अंधारातही सापडतं. या पथकांची खरी ताकद या जवळ असण्यात आहे. त्यांच्या बऱ्याचशा अडचणीही त्यातूनच येतात, त्यांच्याकडे नंतर येऊ.

यांना नक्की काय येतं?

इथे एक शब्द लागेल: ईएमटी, म्हणजे इमर्जन्सी मेडिकल टेक्निशियन. दवाखान्याबाहेर, जागच्या जागी प्राथमिक पण प्रशिक्षित मदत देणारा माणूस. हा डॉक्टर नाही, नर्सही नाही. पॅरामेडिक याच्या वरची पायरी. त्यांचं शिक्षण कितीतरी लांब असतं आणि ते शिरेतून औषध देण्यासारखी कामं करतात.

ईएमटीचा अभ्यासक्रम राज्यानुसार बदलतो, पण साधारण दीडशे तासांचा असतो. मुलं तो एका सत्रात संध्याकाळी किंवा सुट्टीत सलग करतात. मग बहुतेक राज्यांत राष्ट्रीय नोंदणी संस्थेची परीक्षा असते, ही संस्था 1970 मध्ये सुरू झाली. वर त्या राज्याचा परवाना लागतो. राष्ट्रीय प्रमाणपत्र दर दोन वर्षांनी नवं करावं लागतं आणि त्यासाठी 40 तासांचं पुढचं शिक्षण दाखवावं लागतं. ही परीक्षा विद्यार्थ्यांसाठी सोपी केलेली नसते. शहराच्या रुग्णवाहिकेवर पगारी काम करणारा ईएमटी जी देतो, तीच हीही देतात.

यातून हातात काय येतं? रक्तस्राव थांबवणं, आवळपट्टा बांधणं, मोडलेलं हाड हलू न देणं, ऑक्सिजन लावणं, छाती दाबणं, झटका देणारं स्वयंचलित यंत्र वापरणं. शुद्धीवर असलेल्या मधुमेही रुग्णाची साखर उतरली असेल तर तोंडाने ग्लुकोज. ॲलर्जीसाठी एपिनेफ्रिनचं तयार इंजेक्शन. छातीत दुखत असेल तर ॲस्पिरिन. अफूजन्य औषधांचा अतिरेक झाला तर नाकात मारायचा नॅलोक्सोनचा फवारा. हा फवारा मार्च 2023 पासून अमेरिकेत चिठ्ठीशिवाय विकायलाही परवानगी मिळाली. फेंटानिल या अफूसारख्या जहाल वेदनाशामकाने तिथे किती तरुण गिळले हे लक्षात घेतलं तर ती परवानगी का दिली, हे वेगळं सांगायला नको.

यादी आखूड आहे. मुद्दामच आहे.

सुरुवात शववाहिकेपासून

या कल्पनेमागचा इतिहास मला फार आवडतो, म्हणून जरा आडवळण.

1966 साली अमेरिकेच्या नॅशनल अकॅडमी ऑफ सायन्सेसने अपघाती मृत्यूंवर एक अहवाल काढला. त्यातलं चित्र लाजिरवाणं होतं. देशातल्या जवळजवळ निम्म्या रुग्णवाहिका अंत्यविधी करणाऱ्या व्यावसायिकांच्या होत्या. कारण साधं होतं, आडवं झोपलेलं माणूस मावेल अशी लांब गाडी त्यांच्याकडेच असायची. मागे बसून रुग्णाकडे बघणारं कोणी असेलच याची खात्री नव्हती.

त्यानंतर चक्रं फिरली. 1967 मध्ये पिट्सबर्गच्या हिल डिस्ट्रिक्ट या कृष्णवर्णीय वस्तीत फ्रीडम हाउस नावाची रुग्णवाहिका सेवा सुरू झाली. डॉ. पीटर सेफर यांनी तिच्यासाठी त्याच वस्तीतली माणसं घेतली. त्यातल्या अनेकांना नोकरी नव्हती, काहींचं शाळेचं शिक्षणही पुरं झालेलं नव्हतं. नीट शिकवल्यावर त्यांनी रस्त्यावर जे करून दाखवलं, ते त्या काळात भल्याभल्या शहरांत मिळत नव्हतं. डॉक्टर नसलेला माणूस, ठराविक गोष्टी नीट शिकवल्या तर, रस्त्यात जीव वाचवू शकतो हे या प्रयोगाने सिद्ध झालं. आज वसतिगृहाच्या जिन्यावर बॅग घेऊन धावणारी मुलगी ज्या विश्वासावर उभी आहे, तो या माणसांनी कमावलेला आहे.

व्हर्जिनिया टेक या विद्यापीठाचं विद्यार्थी पथक 1969 चं. जॉर्जटाऊन विद्यापीठाचं 1982 चं. तिथे मुलं स्वतःची रुग्णवाहिका चालवतात, रुग्णाला थेट रुग्णालयात नेतात आणि त्याचे पैसे घेत नाहीत. पेनसिल्व्हेनिया विद्यापीठातलं पथक 2006 मध्ये सुरू झालं, ते सायकलवरून जातं. रुग्णाला न्यायचं काम शहराच्या अग्निशमन दलाच्या रुग्णवाहिकेचं. कनेक्टिकटमधल्या डेरियन गावात तर गेली पन्नासहून जास्त वर्षं गावाची रुग्णवाहिका हायस्कूलची मुलं मोठ्यांच्या देखरेखीखाली चालवतात. कॉलेजांच्या पथकांची एक राष्ट्रीय संस्थाही 1993 पासून आहे.

म्हणजे सगळीकडे एकच साचा नाही. कुठे गाडी आहे, कुठे सायकल, कुठे नुसती पाठीवरची बॅग. कुठे चोवीस तास सेवा, कुठे फक्त रात्री.

फोन केल्यावर काय घडतं

कोणीतरी 911 या अमेरिकेतल्या तातडीच्या नंबरला किंवा विद्यापीठाच्या सुरक्षा विभागाच्या नंबरला फोन करतं. तिथे बसलेला माणूस दोन-चार प्रश्न विचारतो आणि रेडिओवर हाक देतो. ड्यूटीवर असलेली दोन-तीन मुलं हातातलं टाकून निघतात. प्रकरण गंभीर वाटलं तर शहराची रुग्णवाहिका त्याच वेळी निघालेली असते. मुलं पोचून तपासतील आणि मग ठरवतील, असा वेळ घालवला जात नाही.

पथकात एक प्रमुख असतो, क्रू चीफ. बऱ्याचदा तो तिसऱ्या-चौथ्या वर्षाचा विद्यार्थी असतो. सोबत एक ईएमटी आणि एक शिकाऊ. खोलीत शिरण्याआधी ते दारात क्षणभर थांबतात: आत धोका आहे का, वास कसला येतोय, किती जण आहेत. मग श्वास, नाडी, रक्तस्राव. रुग्ण बोलत असेल तर ठरलेले प्रश्न येतात: काय होतंय, कशाची ॲलर्जी, कुठली औषधं चालू, आधीचे आजार, शेवटचं काय आणि कधी खाल्लं, हे सुरू झालं तेव्हा काय करत होतीस. अननुभवी माणूस घाबरला की नेमका यातला एखादा प्रश्न विसरतो, म्हणून त्यांच्याकडून हे पाढ्यासारखं घोकून घेतलेलं असतं.

शेवटी रुग्णालयाच्या किंवा रुग्णवाहिकेच्या माणसांकडे सोपवणूक. अर्ध्या मिनिटात सगळं सांगायचं: कोण, काय झालं, काय सापडलं, काय केलं, त्याने फरक पडला का. त्यानंतर कागदपत्रं. बघायला गेलं तर या कामात धावपळ थोडी आणि लिहिणं जास्त.

"पण अठरा-वीस वर्षांच्या पोरांच्या हातात जीव?"

हा आक्षेप सगळ्यात जोरात येतो, आणि यायलाच हवा.

ऑफिसमधल्या कारकुनाला ठराविक रकमेपर्यंतच सही करता येते. त्यावरची फाइल साहेबांकडे जाते. कारकून हुशार आहे की नाही हा प्रश्नच येत नाही, कारण त्याच्या सहीची हद्द आखलेली असते. ईएमटीचंही तसंच. प्रत्येक पथकावर एक परवानाधारक डॉक्टर असतो, त्याला वैद्यकीय संचालक म्हणतात. कुठल्या लक्षणाला काय करायचं, किती करायचं आणि कुठे थांबायचं, हे त्याच्या मान्यतेने लिहून ठेवलेलं असतं. त्याला म्हणतात प्रोटोकॉल. त्याबाहेरचं काही समोर आलं की फोनवर डॉक्टर गाठायचा. विसाव्या वर्षी माणसाकडे अनुभव कमी असतो. म्हणून त्याच्याकडून अंदाज मागितलाच जात नाही, ठरलेली पावलं मागितली जातात. प्रत्येक कॉलचं टिपण नंतर तपासलं जातं आणि चुकलं असेल तर खुर्चीत बसवून विचारलं जातं.

व्हर्जिनिया टेकमध्ये 16 एप्रिल 2007 ला गोळीबार झाला, 32 जणांचा बळी गेला. त्या सकाळी तिथे धावून गेलेल्यांत विद्यापीठाचं विद्यार्थी पथकही होतं. त्या दिवसानंतर "पोरं" हा शब्द जरा जपून वापरावा असं मला वाटतं.

तरीही एक दुखरी जागा आहेच. दर मे महिन्यात पथकातली सगळ्यात अनुभवी माणसं पदवीचा झगा घालून निघून जातात. पगारी सेवेत वीस वर्षांचा मुरलेला माणूस असतो, इथे मुरायच्या आतच बरणी रिकामी होते. चांगली पथकं दुसऱ्या वर्षाच्या मुलांना प्रमुखाच्या मागे सावलीसारखं फिरवून ही गळती भरून काढतात. ज्यांना ते जमत नाही, त्यांचा दर्जा एका वर्षात बदलू शकतो. मोठ्या सुट्टीत अनेक पथकं बंदच असतात, हेही लक्षात असू द्या.

दारूचे कॉल

आता थोडं थांबून बोलावं असा विषय. या पथकांच्या रात्रीच्या कामात दारू वरचेवर येते, आणि तिथे कायदा व भीती यांची गाठ पडते.

अमेरिकेत दारू प्यायचं वय 21 आहे. 1984 च्या केंद्रीय कायद्याने राज्यांना ते मान्य करायला लावलं, नाही तर महामार्गाच्या निधीत कपात. पदवीच्या बहुतेक विद्यार्थ्यांचं वय 18 ते 22. म्हणजे पार्टीत बेशुद्ध पडलेला मुलगा बहुधा बेकायदा प्यायलेला असतो, आणि ज्यांनी फोन करायचा तेही. पोलीस येतील, कॉलेज काढून टाकेल, परदेशी विद्यार्थी असेल तर व्हिसाची धास्ती. मग मित्र काय करतात? "झोपू दे, सकाळी उतरेल."

हे वाक्य धोक्याचं आहे. शेवटचा घोट घेतल्यावरही पोटातली दारू रक्तात जात राहते, त्यामुळे झोपलेल्या माणसाची नशा वाढू शकते. यकृत तासाला साधारण एकाच पेगाचा निचरा करतं. कॉफीने किंवा गार पाण्याच्या आंघोळीने तो वेग वाढत नाही. खूप प्यायलेल्या माणसाची ठसका लागण्याची प्रतिक्रिया मंदावते, आणि उताणा असताना उलटी झाली तर ती श्वासनलिकेत जाते. म्हणून मुलं आल्याबरोबर त्याला कुशीवर वळवतात, श्वास मोजतात आणि पुन्हा पुन्हा जागं करून बघतात.

भीतीवर उपाय म्हणून कॉर्नेल विद्यापीठाने 2002 मध्ये एक धोरण आणलं: मदतीसाठी फोन करणाऱ्यावर आणि ज्याच्यासाठी केला त्याच्यावर प्यायल्याबद्दल शिस्तभंगाची नेहमीची कारवाई नाही. पुढच्या दोन वर्षांत तिथे दारूमुळे येणारे मदतीचे कॉल वाढले. मुलं जास्त प्यायला लागली, असा त्याचा अर्थ लावू नये. आधी जे दाराआड राहायचं, ते फोनवर यायला लागलं. नंतर अशी धोरणं अनेक विद्यापीठांत आली आणि बऱ्याच राज्यांत तसे कायदेही झाले. सवलत किती आणि कोणाला, हे मात्र जागोजाग वेगळं आहे.

गणवेशातला माणूस वयाने आपल्याएवढाच असला की एक गोष्ट सोपी होते. "किती प्यायलास?" या प्रश्नाला पोलिसाला मिळतं त्यापेक्षा खरं उत्तर मिळतं.

रुग्णच नको म्हणाला तर?

शुद्धीवर असलेल्या सज्ञान माणसाला मदत नाकारायचा हक्क आहे. हात धरून रुग्णालयात नेता येत नाही. मुलं त्याला धोके समजावतात, कागदावर सही घेतात आणि पुन्हा फोन कर म्हणून सांगतात. पण तो भानावर आहे का, हे आधी बघतात: नाव काय, आत्ता कुठे आहेस, आज कोणता वार, काय झालं होतं. दारूच्या अमलाखाली किंवा डोक्याला मार लागल्यावर ही उत्तरं चुकली, तर त्याचा "नको" ग्राह्य धरत नाहीत. अशा वेळी, भानावर असता तर त्याने मदत घेतलीच असती, असं कायदा गृहीत धरतो. सगळ्यात जास्त वादावादी या टप्प्यावर होते, आणि पहाटे तीन वाजता आपल्याच वयाच्या मुलाला हे समजावणं पट्टी बांधण्यापेक्षा अवघड.

फुकट म्हणजे कोणाच्या खिशातून?

उपकरणं, औषधं, विमा, प्रशिक्षण, असेल तर गाडी. हा खर्च विद्यार्थ्यांच्या फीमधला वाटा, विद्यापीठाचा आरोग्य किंवा सुरक्षा विभाग आणि देणग्या यांतून निघतो. रुग्णाला मिळणारा फायदा मोठा आहे. अमेरिकेत रुग्णवाहिकेचं बिल हजार डॉलरच्या वर सहज जातं. अचानक येणाऱ्या वैद्यकीय बिलांपासून संरक्षण देणारा जो केंद्रीय कायदा 2022 मध्ये लागू झाला, त्यात हवाई रुग्णवाहिका आहे, रस्त्यावरची नाही. मुलं बिलाला भिऊन फोन टाळतात ती उगाच नाही. विद्यार्थी पथकाने तपासून जागेवरच प्रश्न मिटला तर तो खर्च वाचतो. शहराच्या रुग्णवाहिकेने नेलं तर तिचं बिल येऊ शकतं, आणि रुग्णालयाचं वेगळं.

मुलं हे का करतात? पुष्कळांना पुढे मेडिकलला जायचं असतं आणि अर्जात रुग्णांसोबत घालवलेले तास मोजले जातात. "म्हणजे बायोडेटासाठीच ना?" असं कोणी म्हटलं तर मी म्हणेन, असू दे. त्या हेतूनेही माणूस पहाटे साडेतीनला कोणाची तरी उलटी पुसत असेल, तर हेतूची चौकशी मला करायची नाही.

वर्गातला मुलगा, आपला रुग्ण

मघाशी म्हटलेली अडचण ती हीच. आज रात्री ज्या मुलीला तुम्ही रडताना पाहिलंत, जिच्या औषधांची यादी ऐकलीत, ती उद्या प्रयोगशाळेत शेजारच्या बाकावर असते. गुप्ततेचा नियम कडक आहे. रूममेटला सांगायचं नाही, नावाशिवाय किस्सा म्हणूनही नाही, कारण छोट्या आवारात नाव लागतंच कुठे. मोडलं तर पथकातून बाहेर. काही जणांना तरीही ओळखीचा चेहरा आला की नको वाटतं. त्यांना दुसऱ्या सदस्याने तपासावं असं म्हणता येतं, किंवा शहराची रुग्णवाहिका मागता येते.

दुसरी बाजू मदत करणाऱ्याची. पगारी ईएमटी कामावरून घरी जातो. या मुलांचं घर त्याच इमारतीत. ज्या जिन्यात कोणी दगावलं, त्याच जिन्याने रोज खाली उतरायचं. आत्महत्येचा प्रयत्न, छातीवर हात दाबूनही न परतलेला वर्गमित्र, असं काही घडलं की पथक एकत्र बसतं, समुपदेशक येतात. ज्या विद्यापीठांत एवढं होतं, तिथेही ते पुरेसं असतं असं मला वाटत नाही. एकोणिसाव्या वर्षी हे बघणाऱ्याला फुकटात राबवून घ्यायचं आणि वर्षातून एकदा टी-शर्ट द्यायचा, हा हिशेब जुळत नाही.

तुमचं मूल तिकडे असेल तर

अठरा पूर्ण झाल्यावर किंवा कॉलेजात गेल्यावर विद्यार्थ्याच्या नोंदींवरचा हक्क कायद्याने त्याचा स्वतःचा असतो. जिवाला धोका असेल तर विद्यापीठ पालकांना कळवू शकतं, पण कळवेलच असं नाही. म्हणून हे आधी घरातच बोलून ठेवा: काही झालं तर आम्हाला कळवायचं का, आणि कोणी.

आवाराचा तातडीचा नंबर फोनमध्ये 911 च्या शेजारी असू द्या. काही विद्यापीठांत 911 चा कॉल आधी शहराकडे जातो, काही ठिकाणी आवाराकडे. पहिल्याच आठवड्यात विचारून घ्यावं. ॲलर्जी आणि चालू औषधं फोनच्या बंद पडद्यावरही दिसतील अशी भरून ठेवावीत, त्यांची नावं औषधाच्या घटकावरून लिहावीत. आपल्याकडचं दुकानातलं नाव तिथल्या मुलांना कळणार नाही.

फोन लागल्यावर पहिलं वाक्य पत्त्याचं: इमारत, मजला, खोली, कुठलं दार. काय झालं ते त्यानंतर. मध्येच फोन तुटला, तरी त्यांना निघता येतं. आणि खोलीत दोघं असतील तर एकाने खाली जाऊन दार उघडं धरावं.